दुसऱ्या मजल्यावरचं 'माहीत नाही'

त्या शाळेला तीन मजले होते आणि तीन हवामानं. तळमजल्यावर बालवर्ग. तिथं इतका कल्ला असायचा की आवारातल्या झाडावरचे कावळे, आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येत नाही म्हणून, बिऱ्हाड हलवून पलीकडच्या रस्त्याला राहायला गेले होते. पहिल्या मजल्यावर प्राथमिक. तिथं बाकं आली, रेघा आल्या, पाढे आले. आवाज होता, पण सगळ्यांचा एकच आणि एकाच वेळी. आणि दुसऱ्या मजल्यावर पाचवी, सहावी, सातवी. तिथली शांतता अशी, की फळ्यावरून खडूची भुकटी खाली पडली तरी मागच्या बाकावरची मुलं दचकायची. एक पाल तिथं राहायला गेली होती. आठवडाभरात बिचारी चुकचुकणं विसरली.

हाक मारायची रीतही मजल्यागणिक बदलायची. खाली 'ताई', मधे 'बाई', वर 'मॅडम'. तेच पोर, तेच तोंड. पण जिना चढला की नातं उतरलं.

बालवर्गाच्या ताईंनी त्या जिन्याची वरची पायरी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. त्यांचं राज्य खालीच. सतरंजी, वाळूचा हौद, पाण्याची पिंपं, गुडघ्याएवढ्या खुर्च्या, आणि मदतीला मावशी, जिच्या एका हाकेसरशी रडणारं पोर रडायचं थांबायचं आणि हसणारं रडायला लागायचं. दरवर्षी पोरांची एक खेप नाकंबिकं पुसून ताई जिन्याच्या पायथ्याशी सोडायच्या. ती वर जाऊन काय होते ते बघायला त्या कधी गेल्या नाहीत. गुडघे दुखतात, असं सांगायच्या. खरं तर धीर होत नव्हता, पण हे त्यांनी आपल्या गुडघ्यांनाही कळू दिलं नव्हतं.

मग एक दिवस छडीसर पडले.

छडीसर सातवीला गणित आणि विज्ञान शिकवायचे. छडी शाळेतून केव्हाच हद्दपार झाली होती. पण सुंभ जळला तरी पीळ राहतो, तसं नाव राहिलं होतं. चालताना ते मान ताठ ठेवून क्षितिजाकडे बघत. त्यामुळे तळमजल्यावर घरंगळत आलेला एक लाकडी मणी त्यांना दिसला नाही. मणी वाटाण्याएवढा. सर पडले ते असे की पहिल्या मजल्यावर पाढा म्हणणारी मुलं तेरा सक्कम अठ्ठ्याहत्तरवर थांबली आणि पुढचं विसरली. उजवा पाय प्लास्टरमध्ये गेला.

हेडसरांनी ताईंना बोलावून घेतलं.

"बाई, मणी कुणाचा?"

"पोरांचा."

"पोरं कुणाची?"

"माझी."

"मग सर कुणी पाडले?"

"सरांचे सरच पडले. वर बघून चालणाऱ्यानं कधीतरी खालीही बघावं."

"ते राहू द्या. तुम्ही पदवीला गणित घेतलं होतं ना?"

"घेतलं होतं. अजून परत केलेलं नाही."

"छान. मग सरांचा पाय सुधारेपर्यंत सातवी तुमच्याकडे. सकाळी तुमची चिल्लीपिल्ली मावशी सांभाळेल."

ताई काही म्हणणार, तोवर हेडसर फोनवर बोलायला लागले होते. पलीकडे कुणी नव्हतं, पण त्यांची संभाषण संपवायची ती पद्धत होती.

ताई वर गेल्या. दारात पाऊल पडताच सगळा वर्ग उभा राहिला आणि एका सुरात म्हणाला, "गुऽऽड मॉर्निंऽऽग मॅऽऽडम!"

ताईंनी मागे वळून पाहिलं. मॅडम कोण आली ते बघावं म्हणून.

मग त्यांनी एकेक चेहरा न्याहाळला. सगळी त्यांचीच. तो तिसऱ्या बाकावरचा, ज्याच्या ओठावर आता मिसरूड फुटत होतं, तो पहिलवान. बालवर्गात वर्षभर "आई कधी येणार" म्हणून ताईंचा पदर धरून फिरला होता. त्याच्या पलीकडचा खडू खायचा. आणि खिडकीशी टकळी. नाव काहीही असो, ताईंनी तिला टकळीच म्हटलेलं, कारण चार वर्षांची असताना तिच्या तोंडाची टकळी झोपेतही थांबायची नाही. पाणी ओलं का? सावलीला नाक का नाही? गांडुळाला वाढदिवस कसा कळतो? तिच्या प्रश्नांना कंटाळून तिचे बाबा लांबच्या वाटेनं घरी जायचे म्हणत.

"काय रे, ओळखलंत का?" ताईंनी विचारलं.

"येस मॅडम."

"बरं, एक सांगा. ग्लास पाण्यानं काठोकाठ भरलाय. त्यात बर्फाचा खडा तरंगतोय. खडा वितळला तर पाणी सांडेल का?"

वर्गात पानांची फडफड झाली. बोटं ओळींवरून सरसर धावायला लागली.

"काय शोधताय?"

"मॅडम, कितव्या पानावर आहे?"

"पानावर नाही, ग्लासात आहे."

फडफड थांबली. पहिलवानानं हात वर केला. "मॅडम, परीक्षेला येणारे का?"

ताईंनी टकळीकडे पाहिलं. "तू सांग गं. तुला काय वाटतं?"

टकळी उभी राहिली. तिनं ओठ उघडले, मग खाली बघून म्हणाली, "सॉरी मॅडम."

त्या मजल्यावर हीच चाल होती. न येण्याला 'सॉरी' म्हणायचं आणि बसायचं.

सुट्टीत ताई खाली आल्या आणि छोट्या खुर्चीवर धपकन बसल्या. "मावशी, वर माझी पोरं नाहीत गं. त्यांच्यासारखी दिसणारी दुसरीच कुणीतरी बसवलीत."

मावशी पाण्याचं पिंप घासत होती. "पोरं तीच आहेत. झाकणं लावलीत फक्त."

"मग काढायला हवीत."

"वर्ष संपलं की ही सगळी जातील मोठ्या हायस्कुलात. तिथं झाकणं काढायला कोण जाणार?"

तेच तर. हायस्कूल पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. तिथं ताईंचा हात पोचणार नव्हता. जे काय उघडायचं ते आत्ताच, नाहीतर ही झाकणं तशीच गंजणार. ताई त्या दुपारी जेवल्या नाहीत, आणि जेवण चुकवणं हे त्यांच्या बाबतीत भूकंपाइतकं दुर्मीळ होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बालवर्गाची सतरंजी वर नेली. बाकं भिंतीला लावली. सोबत दोरीचं भेंडोळं आणि पाण्याच्या बादल्या.

"खाली बसा."

पोरांचे चेहरे पडले. त्या वयाला कुणी लहान म्हटलं की चावा घेतल्यासारखं होतं. पहिलवान म्हणाला, "मॅडम, आम्ही काय बालवर्गातले आहोत?"

"नाही रे बाबा. तितके हुशार असतात तर मला एवढी धावपळ कशाला करावी लागली असती? ते निदान विचारतात तरी. बसतोस, की मावशीला बोलावू?"

पहिलवान बसला. मावशीचं नाव त्याच्या हाडात कुठंतरी अजून शिल्लक होतं.

काम साधं होतं. जे जे गोल दिसेल त्याच्याभोवती दोरी लावायची. मग तीच दोरी मधून आरपार धरायची आणि बघायचं, आरपारच्या किती पट भोवतालचं होतं. पहिल्यांदा बादली मोजली, नाक मुरडत. मग डब्यांची झाकणं. मग कोण कुठलं गोल आधी पकडतो याची चुरस लागली आणि वर्ग दारातून बाहेर सांडला. घंटा मोजली. टाकीचं झाकण मोजलं. हेडसरांच्या टेबलावरचा पृथ्वीगोल मोजला, विषुववृत्तावरून. पुढं पुढं तर गोल जिन्नस पोरांना बघून वळचणीला लपायला लागले. गोल काही उरेना, तेव्हा शिपाईमामांचं पोट उरलं.

"पोटाचा आरपार कसा धरणार?" एकानं विचारलं.

"मामांना भिंतीला टेकवायचं, समोरून फळा लावायचा आणि मधलं अंतर मोजायचं," टकळी म्हणाली. बोलली! बोलल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला. पण वाक्य बाहेर पडलं होतं.

शिपाईमामा भिंत आणि फळा यांच्यामधे उभे राहिले. "लवकर आटपा रे, श्वास रोखून धरलाय."

"मामा, श्वास सोडा. रोखलेलं पोट धरत नाहीत."

सगळ्यांचं एकच येत होतं. बादली असो की टाकी, तीन पट आणि वर थोडंसं. फक्त मामांचं जुळेना. बराच वाद झाला आणि पोरांनी निकाल दिला, की मामांचं पोट गोल नसून भोपळ्याच्या आकाराचं आहे. मामांना ते मनाला लागलं, पण शास्त्रापुढं कुणाचं चालतं?

सगळे सतरंजीवर परत येऊन बसले, घामानं डबडबलेले. आणि टकळीनं हात वर न करताच विचारलं, "पण वरचं ते थोडंसं कशाला? नेमकं तीन का नाही? आणि ते थोडं म्हणजे किती? कुठं संपतं?"

"संपत नाही," ताई म्हणाल्या. "लिहीत बसलीस तर म्हातारी होशील, पण ते संपणार नाही."

"का नाही संपत?"

ताईंना आठवलं. पदवीच्या वर्गात कुणीतरी फळाभर काहीतरी लिहिलं होतं. ते त्यांनी पाठ केलं होतं, समजून घेतलं नव्हतं. खाली असत्या तर जे म्हणाल्या असत्या तेच त्या म्हणाल्या.

"मला माहीत नाही. चला, शोधू या."

असं वाक्य त्या मजल्यावर, शाळेचा पाया खणल्यापासून, कुठल्याही शिक्षकाच्या तोंडून निघालं नव्हतं. खिडकीची काच थरथरली. पंखा फिरायचा थांबला आणि विचार करून पुन्हा सुरू झाला. पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग असा गलका उठला, की पलीकडच्या रस्त्यावरचे कावळे माना वाकड्या करून ऐकायला लागले. ज्याला त्याला काहीतरी सुचत होतं. चुकीचं, अर्धवट, कधी भलतंच. पण सुचत होतं.

व्हरांड्यात हेडसर उभे होते.

"बाई, जरा बाहेर या."

ताई बाहेर गेल्या. दार उघडंच राहिलं, म्हणून पुढचं सगळं वर्गानं ऐकलं.

"तुम्ही मुलांसमोर काय म्हणालात?"

"माहीत नाही म्हणाले."

"शिक्षकानं असं म्हणायचं नसतं!"

"मग खोटं बोलायचं असतं का?"

"बाई, खाली खेळ चालतो, वर निकाल लागतो. आईबाप निकाल बघून पोरं पाठवतात, सतरंजी बघून नाही. मास्तरालाच येत नाही असं एकदा कळलं की पोरं डोक्यावर बसतात."

"बसू देत. माझ्या डोक्यावर रोज चार-चार वर्षांची बसतात. डोकं शाबूत आहे अजून."

"शाबूत ठेवा आणि खाली जा. छडीसर उद्यापासून कुबडी घेऊन येतायत. सातवी त्यांची. तुम्ही पुन्हा या जिन्यावर दिसलात तर मला वेगळा विचार करावा लागेल."

"वेगळा म्हणजे?"

"तुम्हाला घरी बसवायचा."

ताई आत गेल्या. सतरंजीची गुंडाळी केली. एकानंही काही विचारलं नाही. झाकणं पुन्हा खटाखट बसताना त्यांना दिसली. सर्वांत आधी टकळीचं.

त्या दिवशी घरी जाताना त्या वाटेत दोनदा चुकल्या. नोकरी जाईल याचं भय नव्हतं असं नाही. होतं, चांगलं ढळढळीत होतं. पण त्याहून मोठा राग होता, आणि तो कुठं ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

सकाळी बालवर्गाचं दार उघडलं, तर आत सातवी बसली होती.

सगळी. गुडघ्याएवढ्या खुर्च्यांवर, गुडघे कानाला लावून. पहिलवान खुर्चीत असा रुतला होता, जसं बाटलीत बूच. बालवर्गाची चिल्लीपिल्ली दारापाशी उभी राहून ह्या राक्षसांकडे डोळे विस्फारून बघत होती.

"हे काय रे?"

टकळी उभी राहिली. "ताई, आम्हाला शोधायचंय."

ताई! मॅडम नव्हे.

"वर जा" एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पोरं मुकाट उठली असती, हेडसर शांत झाले असते आणि ताईंची खुर्ची शाबूत राहिली असती. शब्द अगदी ओठांवर आला होता. ताईंनी तो गिळला आणि दोरीचं भेंडोळं काढलं.

"मावशी, लहानांना कुठं बसवायचं?"

"त्याची काळजी तुम्हाला नको. वर एक वर्ग रिकामा दिसतोय." आणि मावशीनं चिल्लीपिल्ल्यांची आगगाडी केली, स्वतः इंजिन झाली आणि शिट्टी मारत जिना चढायला लागली.

वर छडीसर फळ्याशी उभे होते, कुबडीवर रेलून, मान ताठ. पावलांचा आवाज ऐकून त्यांनी न वळताच हुकूम सोडला, "बसा. गेल्या वेळचं उदाहरण काढा." मागून उत्तर आलं, "मला शू लागलीय."

सर वळले. बाकांच्या वर नुसते केस दिसत होते.

"हे काय आहे? तोंडावर बोट!" ते गरजले.

पोरांना खेळ आवडला. एक चिमुरडी बाकावर चढली, तिथून टेबलावर आली आणि तिनं आपलं बोट नेऊन सरांच्या तोंडावर ठेवलं. मग विचारलं, "तुमचा पाय पांढरा का? आत कोण आहे? पडलात तेव्हा रडलात का?"

खाली हेडसर आले ते गलका ऐकून, आणि जिन्याच्या पायथ्याशी थबकले. कारण गलका दोन्हीकडून येत होता. आधी ते वर धावले. छडीसर टेबलावर बसले होते, प्लास्टर पुढं पसरून, आणि पोरं त्यावर खडूनं मासे काढत होती.

"सर! हे काय चाललंय?"

"विचारलं त्यांनी," छडीसर म्हणाले, "पडलो तेव्हा रडलो का म्हणून. घरीसुद्धा कुणी विचारलं नव्हतं."

"मग?"

"मग काय, खरं ते सांगितलं. आता तुम्ही जा, माशाला डोळा राहिलाय."

हेडसर तरातरा खाली आले. "सातवी! उठा! वर चला!"

शिस्तीच्या सवयीनं पहिलवान ताडकन उठला. खुर्चीही त्याच्याबरोबर उठली. पण बाकी कुणी हललं नाही, म्हणून तो खुर्चीसकट पुन्हा बसला.

"सगळ्यांच्या आईबापांना बोलावीन!"

"बोलवा सर," टकळी म्हणाली. "माझे बाबा यायला एका पायावर तयार होतील. काल रात्री त्यांनी आमच्या घरातले सगळे डबे मोजले. ते पण विचारतायत, का संपत नाही."

हेडसरांनी मोर्चा ताईंकडे वळवला. "बाई, हे तुम्ही शिकवलंत."

"नाही सर. हे ती इथून जाताना घेऊन गेली होती. वर तुम्ही जमा करून घेतलंत."

"बास! मी संस्थेला लिहितो. आत्ता, इथंच, तुमच्या समोर." त्यांनी खिशातून पेन काढलं, मावशीच्या उपड्या पिंपावर कागद ठेवला आणि उकिडवे बसले. "बालवर्गाच्या शिक्षिका यांना सेवेतून कमी करण्यात यावं. कारण…"

पेन थांबलं.

"लिहा ना," ताई म्हणाल्या. हात त्यांनी दोरीत गुंतवून घेतले होते. आवाज मात्र ठणठणीत. "कारण, मुलीनं प्रश्न विचारला. बाईंना उत्तर माहीत नव्हतं. बाईंनी तसं सांगितलं."

हेडसरांनी लिहिलं, वाचलं, खोडलं. "कारण, वर्गात गोंधळ…"

"कसला गोंधळ ते विचारतील सर," पहिलवान खुर्चीतून म्हणाला. "घंटा मोजली, असं लिहावं लागेल."

"आणि शिपाईमामांचं पोट," मागून कुणीतरी भर घातली.

"पोटाचं नाव काढू नका," दारातून शिपाईमामा म्हणाले.

"सर, 'बाईंना येत नव्हतं' असं नका लिहू," टकळी म्हणाली. "संस्थेचे लोक उलट तुम्हालाच विचारतील, तुम्हाला येतं का म्हणून."

हेडसरांनी मान वर केली. पोरं त्यांच्याकडे बघत होती, अगदी मन लावून, खोडी काढायची म्हणून नाही. उत्तराची वाट बघत. "बावीस सप्तमांश," ते म्हणाले.

"ते जवळपास आहे सर. नेमकं नाही. आम्ही टाकीवर करून बघितलं."

हेडसरांनी खोडलेल्या ओळीकडे पाहिलं. त्यांनाही कधीकाळी कुणीतरी जिन्याच्या पायथ्याशी सोडलं असणार. पण तसलं सांगणाऱ्यातले ते नव्हतेच. त्यांनी कागदाची घडी घातली, पेनाला टोपण लावलं आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"वार्षिक परीक्षेपर्यंत सातवी तुमच्याकडे," ते म्हणाले. "त्यानंतर निकाल बघून ठरवीन. एकही पोरगं नापास झालं तर तुम्ही घरी."

"आणि सगळी पास झाली तर?"

"तर बघू. आणि लहानांना खाली आणा, सातवीला वर न्या. सतरंजी न्यायची तर न्या. पण एक गोष्ट निक्षून सांगतो बाई, दुसऱ्या मजल्यावर आवाज चालणार नाही."

ताईंनी दोरी खांद्यावर टाकली, सतरंजीचं एक टोक टकळीच्या हातात दिलं आणि दाराकडे निघाल्या. पहिलवानाला दोघांनी मिळून खुर्चीतून उपटून काढलं.

"चालणार नाही, कळलं का?" हेडसर मागून ओरडले.

"आवाज होणार, सर," ताई म्हणाल्या, आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला.